एन्ट्री ग्रेड गंडम: सातशे सत्तर येनचं कोरं पान

गनप्लाची, म्हणजे ‘गंडम’ या जपानी कार्टून मालिकेतल्या यंत्रमानवांची प्लास्टिक किटं जोडण्याच्या छंदाची, सुरुवात कुठल्या किटने करावी, या प्रश्नाला आमचं उत्तर एकच: बांदाई या जपानी कंपनीचं एन्ट्री ग्रेड आरएक्स-७८-२ गंडम. डिसेंबर २०२० मध्ये ते जपानात बाजारात आलं तेव्हा करासह किंमत होती ७७० येन. मापाचं गणित १/१४४, म्हणजे मालिकेतला १८ मीटरचा यंत्रमानव टेबलावर साडेबारा सेंटिमीटरचा होतो. जोडायला तासभर पुरतो. पण या किटची खरी मजा जोडून झाल्यावर सुरू होते, आणि आम्ही त्याची शिफारस करतो ती त्यासाठीच.

पेटीत रंगीत प्लास्टिकचे रनर (सुटे भाग ज्यांना जोडलेले असतात त्या चौकटी), एक रायफल, एक ढाल आणि चित्रांची माहितीपत्रिका. जपानी येत नसलं तरी काही अडत नाही. गोंद लागत नाही, स्टिकर एकही नाही. डोळ्यांपासून छातीपर्यंतचे सगळे रंग प्लास्टिकमध्येच आहेत, आणि या किमतीत हे खरोखर कौतुकास्पद आहे. १९८० च्या जुलैमध्ये ३०० येनला आलेलं पहिलं गंडम किट जवळजवळ एकाच रंगाचं होतं, गोंदाने चिकटवावं लागे आणि रंग ज्याचा त्याने द्यायचा. नव्या किटमध्ये दोन अर्ध्या भागांमधला सांधाही बहुतेक ठिकाणी चिलखताच्या रेषेतच लपवला आहे, त्यामुळे लिंपून घासत बसावं लागत नाही. कोपर आणि गुडघे छान वाकतात.

बांदाई म्हणते की भाग हातानेच सुटतात. सुटतात, हे खरं. पण पिळून सोडवलेल्या भागावर गेटचा (भाग रनरला जोडणाऱ्या काडीचा) बारीक टवका राहतो आणि प्लास्टिक ताणलं गेल्याने तिथे पांढरट डाग पडतो. पांढऱ्या भागांवर तो दिसत नाही, छातीच्या निळ्यावर लगेच डोळ्यांत भरतो. म्हणून निपर (कापायची छोटी पक्कड) वापराच, आणि दोनदा कापा. पहिला काप भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब, रनरच्या बाजूने. दुसरा अगदी जवळ, पात्याची सपाट बाजू भागाकडे ठेवून. एकाच कापात उरकायला गेलं की निपरच्या दाबाने प्लास्टिक आतून फाटतं आणि खड्डा पडतो. तो घासून जात नाही. राहिलेला ठिपका ६००, ८०० आणि १००० नंबरच्या पॉलिशपेपरने, याच क्रमाने घासा. डाग पुसट असेल तर नखाची पाठ जोरात फिरवूनही बराच उतरतो.

नंतर पॅनेल लाइन. चिलखतावरच्या बारीक खाचांत रंग भरला की खेळण्यासारखं दिसणारं किट एकदम यंत्र वाटू लागतं. गंडम मार्करच्या बारीक टोकाच्या पेनांमध्ये पांढऱ्यावर राखाडी, लाल-पिवळ्यावर तपकिरी आणि निळ्यावर काळा घ्यावा. पांढऱ्यावर काळी रेघ ओढली की ती व्यंगचित्रासारखी दिसते. नवख्यांची हीच चूक सर्वांत जास्त होते. बाहेर गेलेली शाई ओली असतानाच पुसा. ओघळून खाचेत पळणारे इनॅमल रंग जपून वापरा. त्यांतलं द्रावण ताणाखाली असलेल्या प्लास्टिकमध्ये शिरतं आणि घट्ट बसवलेले पिन-खोबण तडकतात. एबीएस या प्रकारच्या प्लास्टिकचे भाग तर हमखास. भाग सुटे करूनच लावा, आणि आधी ग्लॉसचा (चकचकीत पारदर्शक लेपाचा) थर द्या.

शेवटी मॅट टॉपकोट, म्हणजे वरून फवारायचा बिनचकाकीचा पारदर्शक लेप. प्लास्टिकची चकाकी घालवणारी ही एक पायरी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त फरक पाडते, आणि कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात तीच सर्वांत जास्त फसते. फवाऱ्यातलं द्रावण झपाट्याने उडतं, पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्या ओल्या थरात अडकते. सगळ्या किटवर पांढरं धुकं धरतं. हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर डबा हातात घेऊच नका. कोरड्या दिवशी वीसेक सेंटिमीटरवरून, फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवत, दोन-तीन पातळ हात द्या. मध्ये पंधरा मिनिटं सोडा. धुकं धरलंच तर कोरड्या हवेत ग्लॉसचा हलका हात दिल्यावर बहुधा ते निघून जातं, मग पुन्हा मॅट. ज्वालाग्राही असल्यामुळे हे डबे विमानाने सहज येत नाहीत, म्हणून किटसोबत परदेशातून मागवायचा बेत करू नका. हार्डवेअरच्या दुकानातला लॅकर स्प्रे वापरायचा झाला तर आधी रिकाम्या रनरवर मारून बघा. काहींनी प्लास्टिक चक्क विरघळतं.

आता चाहत्यांच्या करामतीबद्दल. गनप्लाला पहिल्यापासून हौशी लोकांनीच मोठं केलं. जपानी छंद-मासिकांत मॉडेलर आपापले बदललेले गंडम छापत, आणि १९८३ पासून आलेल्या एमएसव्ही (मोबाइल सूट व्हेरिएशन, म्हणजे मालिकेतल्या यंत्रमानवांची बदललेली रूपं) किटांमागे त्याच कल्पकतेचा हात होता. २०११ मध्ये गनप्ला बिल्डर्स वर्ल्ड कप ही किट बनवणाऱ्यांची जागतिक स्पर्धा सुरू झाली. या स्वस्त किटवर धाडस करायला भीती वाटत नाही, म्हणूनच ते इतकं लाडकं आहे. उरलेले रनर टाकू नका. मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीला न टेकवता, रनर फिरवत मऊ करा आणि बाजूला घेऊन सावकाश ओढा. केसाइतका बारीक अँटेना मिळतो. रनरचे तुकडे टामियाच्या एक्स्ट्रा थिन सिमेंटच्या छोट्या बाटलीत रात्रभर बुडवले की नेमक्या त्याच रंगाचं लिंपण तयार होतं. ते पूर्ण आवळायला दोन दिवस द्या, नाहीतर घासल्यावर खळगा उरतो. जाडसर चिलखत हवं असेल तर अर्ध्या मिलिमीटरची प्लास्टिकची पट्टी पुरे.

उणिवा आहेत. बीम सेबरचं, म्हणजे गंडमच्या प्रकाशाच्या तलवारीचं, पातं पेटीत नाही, आणि मालिका पाहिलेल्या माणसाला ते खटकणारच. आतला सांगाडा बघायची हौस असेल तर रियल ग्रेड या बांदाईच्याच जास्त बारकाव्यांच्या श्रेणीकडे वळा. तिथे भाग फार बारीक आहेत, पहिलंच किट म्हणून नको. इथला विक्रेता एन्ट्री ग्रेडला हाय ग्रेड या तिच्या वरच्या श्रेणीइतके पैसे मागत असेल तर सरळ हाय ग्रेड घ्यावं.

नकली मालही भरपूर फिरतो. त्यात प्लास्टिक मऊ, गेट जाड आणि पिन सैल असतात. ढाल हातात टिकत नाही. पेटी उघडल्यावर आधी रनरची चौकट बघा. बांदाई स्पिरिट्सचं नाव आणि जपानमध्ये बनल्याचा ठसा तिथे नसेल, तर एकही भाग न तोडता पेटी परत करा.