मालवण-तारकर्लीत जेवायचं कुठे? खानावळ, परमिट रूम की रिसॉर्ट

मालवणला निघालेल्यांचे प्रश्न पूर्वी दोनच असायचे, खोली कुठली आणि मासे कुठे खायचे. हल्ली तिसरा आलाय. सुरमईबरोबर चांगली वाइन मिळेल का? मिळते, पण मासा जिथे झकास तिथे वाइन नसते आणि वाइन जिथे थंडगार मिळते तिथलं कालवण बेतास बात. तेव्हा आधी मनाशी ठरवा, तुम्हाला यातलं काय सोडून चालेल.

माझा कौल घरगुती खानावळीला. बांगड्याची थाळी साधारण दोन-अडीचशे, सुरमईची साडेतीनशे ते पाचशे, पापलेट त्याच्याही वर. मोठ्या माशाच्या पुढे दराऐवजी ‘साइजप्रमाणे’ लिहिलेलं असतं, तिथे तुकडा बघूनच होय म्हणा, नाहीतर बिल बघून घास अडकतो. कार्डावर काय आहे ते वाचत बसू नका, आज काय आलंय ते विचारा. चांगल्या खानावळीत काकू सरळ सांगतात, “पापलेट आज बरां नाय, सौंदाळे घेवा.” असं सांगणारं घर सापडलं की दुसरीकडे जाऊ नका. बांगड्याचं तिखलं मिळालं तर सोडू नका. रस्सा दाट, अंगाबरोबर, आणि त्यात ठेचून टाकलेली तिरफळं, म्हणजे मिरीसारखी दिसणारी मसाल्याची फळं. तिरफळ चावायचं नसतं, बाजूला काढायचं. चुकून दाढेखाली आलं तर जीभ जरा वेळ बधिर होते. शेवटी सोलकढी. दोघांचं पोटभर जेवण हजाराच्या आत आटोपतं.

इथे वाइन नाही, आणि पिशवीतून आणूही नका. परवाना नसलेल्या जागी प्यायलात तर महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली तुमच्याबरोबर मालकही अडकतो. गोव्यात बाटली स्वस्त म्हणून चार उचलून आणणाऱ्यांनी बांद्याजवळचा इन्सुलीचा तपासणी नाका आठवावा.

परमिट रूम म्हणजे ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’ची पाटी. जेवणाचे दर खानावळीपेक्षा थोडे चढे, मसाला सगळ्या माशांना एकच. खपते ती बिअर, त्यामुळे वाइनची बाटली महिनोन् महिने फळीवर उभी असते. कोकणातल्या दमट उकाड्यात तिचं काय होणार? ग्लासवर वाइन मागवली तर कधी उघडलेली आहे ते विचारा. मी तरी इथे बिअरच सांगेन.

रिसॉर्टमध्ये दोघांच्या जेवणात बाटली धरली तर चार हजारांच्या खाली सहसा सुटका नाही. दुकानात हजाराच्या आतबाहेर मिळणारी नाशिकची पांढरी वाइन इथे दुपटीने लागते. जेवणावर ५ टक्के जीएसटी, महागड्या खोल्यांच्या हॉटेलात १८. वाइनवर जीएसटी नसतो, तिथे व्हॅट वेगळा. पैसे जातात ते थंड बाटलीचे, स्वच्छ ग्लासचे आणि समोरच्या समुद्राचे. मालवणी कालवण मात्र इथे पाहुण्यांच्या जिभेला घाबरून केलेलं असतं. म्हणून रस्सा मागवूच नका. रव्यातली सुरमई, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं, कोलंबी फ्राय असं कोरडं मागवा. वाइनलाही तेच मानवतं.

आता बाटली कुठली? रव्यात तळलेल्या माशाला सोव्हिन्यॉं ब्लां ही पांढरी वाइन. तिचा आंबटपणा लिंबू पिळल्यासारखा काम करतो. मसाला तिखट असेल तर शेनिन ब्लां ही किंचित गोडसर पांढरी घ्या, तिखटाची धार उतरते. दोन्ही नाशिकच्या बऱ्याच वायनरी करतात. सण साजरा करायचा असेल तर ब्रूट, म्हणजे गोडवा जवळजवळ नसलेली फसफसणारी वाइन, तळणीबरोबर तिच्यासारखी मजा नाही. लाल वाइन बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर नको, तोंडात लोखंडाची चव रेंगाळते. तुमच्यात कुणी कोंबडी-वडे खाणार असेल तर त्याला हलकी लाल चालेल. सोलकढी आणि वाइन एका वेळी घेऊ नका. लसूण आणि कोकमापुढे वाइनचं काही चालत नाही. बाटली समोर उघडायला लावा, आणि कोमट आली तर संकोच न करता बर्फाच्या बादलीत वीस मिनिटं ठेवायला सांगा.

दोन दिवस असतील तर दुपारी दोन्ही वेळा खानावळ आणि एक संध्याकाळ रिसॉर्ट, हा हिशेब मला पटतो. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर रिसॉर्टही सोडा. मुलांना आमटी-भात, तळलेला तुकडा खानावळीत बिनबोभाट मिळतो.

जून-जुलैत जाणार असाल तर गणित बदलतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ताटातली सुरमई बहुधा बर्फातली. त्या दिवसांत माशाच्या थाळीवर पाचशे घालवण्यापेक्षा कोंबडी-वडे सांगा, आणि खाडीचा मासा आलाय का तेवढं विचारून ठेवा.