घोट्यातली जर्मन प्लेट: दीड वर्षाहून जास्त वापरल्यानंतर

प्लेट टायटॅनियमची, उजव्या घोट्याच्या बाहेरच्या हाडावर, लॉकिंग स्क्रूंनी बसवलेली. फ्रॅक्चर वेबर बी, म्हणजे ते हाड घोट्याच्या सांध्याच्या पातळीवर मोडलेलं. ज्यांच्या घरात कुणाचा घोटा मोडलाय त्यांना एवढ्यावरून बाकीचं कळेल. धातूबद्दल माझी थोडी तक्रार आहे, ती पुढे येईल. खरी चीड आहे ती एका कागदाची. तो कागद डिस्चार्जच्या वेळी माझ्या हातात दिला असता तर मी हे लिहायलाच बसले नसते.

जर्मनीत नोकरीला होते. मागच्या वर्षी जानेवारीत, एका रविवारी सकाळी, फुटपाथवर पाय सटकला. पांढरा बर्फ निदान दिसतो. पाऊस पडून लगेच गोठला की फरशी नुसती ओली वाटते आणि माणूस बिनधास्त पाय टाकतो. इमर्जन्सीत नाव-गाव विचारून झाल्यावर लगेच विचारलं, कामावर जाताना पडलात का? तिथे कामाच्या वाटेवर झालेला अपघात वेगळ्या अपघात विम्यात जातो आणि पेशंटला वरचे पैसे भरावे लागत नाहीत. रविवार असल्यामुळे मला माझा नेहमीचा आरोग्य विमाच लागू झाला. तिथे राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवा. ऑफिसला निघाला असाल तर तिथल्या तिथे तसं सांगा.

नेहमीच्या विम्यातही माझा खिसा फार हलका झाला नाही. हॉस्पिटलमध्ये दिवसाला १० युरो, तेही वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवसांचे. फिजिओथेरपीच्या प्रत्येक चिठ्ठीमागे १० युरो आणि खर्चाच्या १० टक्के. पहिले सहा आठवडे कंपनीने पूर्ण पगार दिला. ऑपरेशन, भूल, प्लेट, स्क्रू यांचं बिल किती झालं ते मला आजही माहीत नाही. इथे नागपुरात मामांच्या मनगटाचं ऑपरेशन होतं तेव्हा डिपॉझिट भरायला दादा रात्री सीताबर्डीभर एटीएम शोधत फिरला होता. ते पाहिलेलं असल्यामुळे या गोष्टीचं मोल मला कळतं.

ऑपरेशनबद्दलही तक्रार नाही. सूज उतरेपर्यंत थांबवलं, मगच केलं. भुलेच्या डॉक्टरांनी फॉर्मचं एकेक पान समजावून सांगितलं आणि माझं जर्मन अडखळलं तिथे परत सांगितलं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात रोज घ्यायचं इंजेक्शन नर्सने मला स्वतःलाच टोचायला शिकवलं. पहिल्या दिवशी हात थरथरत होता, मग सवय झाली. फिजिओथेरपिस्टने वजनकाट्यावर पाय ठेवायला लावून २० किलो म्हणजे पायावर किती भार, ते शिकवलं, कारण तेवढाच भार द्यायची परवानगी होती. ही युक्ती मला फार आवडली. "थोडाच भार द्या" असं नुसतं सांगितलं तर पेशंटला काय कळणार? व्रण आज बारीक रेघेएवढा आहे. विमानतळाच्या किंवा नागपूर मेट्रोच्या तपासणीत प्लेट एकदाही वाजली नाही.

यंदा उन्हाळ्यात कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि मी नागपूरला परत आले. तोपर्यंत पायात प्लेट आहे हे मी विसरलेच होते. तिथे जेवण खुर्चीवर, गप्पा खुर्चीवर, काम तर खुर्चीवरच. इथे आल्यावर मांडी घातली आणि कळ थेट डोक्यात गेली. मांडी घातली की घोट्याचं बाहेरचं टोक नेमकं फरशीवर टेकतं. माझ्या घोट्याला तिथे चरबी नाही, मांस नाही. कातडी आणि फरशी यांच्यामध्ये सगळ्यात खालच्या स्क्रूचं डोकं. सतरंजी घेतली, दुहेरी चादर घेतली, थोडा वेळ चालतं, मग पाय लांब करावाच लागतो.

महालक्ष्म्यांना आमच्याकडे पंगत खालीच बसते. मी पाय पसरून बसलेली पाहून काकू म्हणाल्या, "काय वं, पाय काहून असा लांब केला? मांडी घाल नं नीट." शेवटी मी खुर्ची घेऊन भिंतीशी जेवले. सगळं घर खाली आणि आपण एकटं वर, हे मला फार लागलं. त्या रात्री ठरवलं, ही प्लेट काढायची.

तेव्हा माझा सगळा राग प्लेटवर आणि तिथल्या सर्जनवर होता. त्यांनी मला धावता का विचारलं, स्कीइंग करता का विचारलं. जमिनीवर बसता का, हे मात्र कुणीच विचारलं नाही. इतक्या खाली स्क्रू घालायची गरज काय होती, असंच मला वाटत होतं. हे मत नंतर बदललं, ते कसं ते पुढे सांगते.

धंतोलीत एका सर्जनना दाखवलं. सीडीवरचे जुने एक्स-रे पाहून, नवा काढून ते म्हणाले, हाड छान जुळलंय, प्लेट काढता येईल. मग विचारलं, "कंपनी कोणती? स्क्रूच्या डोक्यातली खाच षटकोनी आहे की ताऱ्यासारखी?"

मला वाटलं हा किरकोळ प्रश्न असेल. तसा तो नाही. साडेतीन मिलिमीटरच्या साध्या स्क्रूला बहुधा अडीच मिलिमीटरचा षटकोनी स्क्रूड्रायव्हर लागतो. त्याच जाडीच्या लॉकिंग स्क्रूला अनेक कंपन्या ताऱ्याच्या आकाराची खाच देतात, तिला टी-१५ नावाचा, ताऱ्यासारख्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर लागतो. एक्स-रेत ही खाच नीट कळत नाही. त्यात लॉकिंग स्क्रूच्या डोक्यालाही आटे असतात आणि ते प्लेटच्या आट्यांत बसतं. टायटॅनियम असेल तर कधी कधी दोन्ही इतकी चिकटतात की सुटता सुटत नाहीत. घरात चुकीच्या पान्याने नट गोल करून ठेवावा तसं इथेही होतं, खाच झिजते. मग डोकं ड्रिलने कापायचं, धातूचा चुरा जखमेत, चीर मोठी, भूल लांबलेली. आपल्याकडे स्क्रू काढायच्या हत्यारांचे सेट बरेचदा इम्प्लांटच्या डीलरचा माणूस ऑपरेशनच्या दिवशी घेऊन येतो. कोणता सेट हवा ते आधी कळलं तर एक आणतो. नाही कळलं तर सगळ्या प्रकारांचा मोठा सेट मागवायचा, आणि त्याचं भाडं पेशंटच्या बिलात.

मी डिस्चार्जचा कागद काढला. चांगली भरगच्च पानं. रक्तदाब, ॲलर्जी, गोळ्या, टाके कधी काढायचे, कधीपासून गाडी चालवायची, सगळं लिहिलेलं. इम्प्लांटबद्दल एवढंच की प्लेट बसवली. कंपनी नाही, स्क्रूचा प्रकार नाही, लॉट नंबर नाही.

मग शोधायला बसले तेव्हा जे सापडलं त्याने माझी झोप उडाली. युरोपात वैद्यकीय उपकरणांचा नियम आहे, २०१७ चा ७४५ क्रमांकाचा, २६ मे २०२१ पासून लागू. त्याच्या १८व्या कलमाप्रमाणे शरीरात बसवलेल्या वस्तूचं कार्ड पेशंटला मिळायला हवं. पेसमेकरवाल्याला मिळतं, कृत्रिम खुबा बसवलेल्याला मिळतं. पण त्याच कलमात अपवादांची यादी आहे: टाके, स्टेपल, दातात भरलेलं सिमेंट, दातांच्या तारा, कॅप, आणि पुढे स्क्रू, प्लेट, वायर, पिन, क्लिप. म्हणजे माझ्या पायातलं सगळंच वगळलेलं.

हा अपवाद मला अजिबात मान्य नाही. कृत्रिम खुबा बसवतात तो वर्षानुवर्षं राहावा म्हणून. प्लेट आणि स्क्रू मात्र पुष्कळदा काढायची वेळ येते, आणि काढणारा सर्जन वेगळा, गाव वेगळं, माझ्यासारखीच्या बाबतीत देशही वेगळा. दुसऱ्याच्या हातून काढलं जाण्याची शक्यता ज्या वस्तूला जास्त, तिलाच कागद नाही? नोकरीसाठी आलेली, शिकायला आलेली, उद्या परत जाणारी माणसं त्याच हॉस्पिटलमध्ये रोज ॲडमिट होतात. त्यांच्या हातात एक पान ठेवायला काय लागतं? कंपनी आणि लॉट नंबरचे स्टिकर प्लेट-स्क्रूंबरोबर ऑपरेशन थिएटरमध्ये आलेलेच असतात.

मामांची फाइल उघडून पाहिली. त्यात प्लेटचे आणि स्क्रूंचे स्टिकर ओळीने चिकटवलेले, कंपनीच्या नावासकट. आपल्याकडे विमा कंपनी क्लेमसाठी इम्प्लांटचे स्टिकर आणि बिल मागते, म्हणून हॉस्पिटल ते सांभाळून लावतं. कारण पैशाचं असेल, पण उद्या मामांची प्लेट काढायची झाली तर उत्तर फाइलीत तयार आहे.

मी जर्मनीतल्या हॉस्पिटलला मेल करून ऑपरेशनच्या नोंदी मागितल्या. उत्तर आलं की सहीचा अर्ज पाठवा, पासपोर्टची प्रत पाठवा. पाठवली. मग म्हणे प्रत्येक पानाचे ५० सेंट, वर टपालखर्च, आधी पैसे भरा. रक्कम मोठी नव्हती. पण माझ्याच पायाची माहिती मला विकत का घ्यायची? पुन्हा शोधलं. युरोपियन न्यायालयाचा २६ ऑक्टोबर २०२३ चा निकाल आहे, क्रमांक सी-३०७/२२, आणि तो जर्मनीतल्याच एका दंतवैद्याच्या पेशंटचा. त्यात स्पष्ट आहे की आपल्या वैद्यकीय नोंदींची पहिली प्रत पेशंटला फुकट मिळाली पाहिजे, आणि ती कशाला हवी हे सांगायचीही सक्ती नाही. मी निकालाचा क्रमांक टाकून उत्तर दिलं. बरेच दिवस शांतता. आठवण केली, पुन्हा शांतता. मग हॉस्पिटलच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्यांना लिहिलं की कायद्याने एका महिन्यात उत्तर द्यायचं असतं आणि महिना उलटून गेलाय. त्यानंतर काही दिवसांतच पीडीएफ आला.

आणि पीडीएफ उघडल्यावर मी चकित झाले. ऑपरेशनचा अहवाल इतका नीट लिहिलेला की सर्जनच्या शेजारी उभं राहून पाहावं. चीर कुठून घेतली, नस कशी बाजूला धरली, हाडाचे तुकडे कसे जुळवले, एक्स-रे मशीनखाली काय तपासलं, सगळं क्रमाने. शेवटच्या पानावर स्टिकर: कंपनी, लॉट नंबर, प्रत्येक स्क्रूची लांबी. लॉकिंग स्क्रूंना ताऱ्याची खाच, टी-१५. खाली इतके स्क्रू का, याचंही उत्तर त्यात होतं. खालचा तुकडा लहान होता आणि तो धरून ठेवायला स्क्रू जवळजवळ घालणं भाग होतं. तेव्हा प्लेटवरचा आणि सर्जनवरचा राग मी मागे घेते. त्या माणसाने उत्तम काम केलं आणि ते मन लावून लिहूनही ठेवलं. तो कागद माझ्यापर्यंत पोचवण्याचं काम मात्र हॉस्पिटलने केलं नाही.

धंतोलीच्या डॉक्टरांनी ते पान पाहिलं आणि लगेच डीलरला फोन लावला. आता एकच सेट येईल. खर्च माझ्या खिशातून आहे, कारण इथे परतल्यावर घेतलेल्या पॉलिसीत जुन्या दुखण्याला प्रतीक्षा काळ लागतो, नियमाप्रमाणे तो ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो. तेवढी वर्षं मी खुर्चीवर जेवणार नाही. डॉक्टरांनी बजावलंय की प्लेट काढल्यावर स्क्रूंची भोकं भरेपर्यंत हाड कच्चं असतं, काही आठवडे धावणं-उड्या बंद. चालेल. तारीख दिवाळीनंतरची घेतली आहे, नागपूरच्या उन्हाळ्यात बँडेज बांधून बसायची माझी तयारी नाही.

तिथे हाड मोडलेलं असेल आणि प्लेट अजून आत असेल तर आजच मेल टाका. जर्मनीत नोंदी उपचारानंतर १० वर्षं ठेवाव्या लागतात, म्हणजे जुनं ऑपरेशन असलं तरी मिळेल. "ओपी-बेरिश्ट", म्हणजे ऑपरेशनचा अहवाल मागा, आणि इम्प्लांटच्या स्टिकरचं पान वेगळं नाव घेऊन मागा, कारण नुसता अहवाल मागितला तर ते पान राहून जाऊ शकतं. पहिली प्रत फुकट हवी असं लिहा आणि वरचा निकाल क्रमांक टाका. मला पीडीएफनंतर त्या पानांचं बिल आलंच, तिथल्या जुन्या पत्त्यावर, मैत्रिणीने फोटो काढून पाठवलं. ते मी भरलेलं नाही. निकालाची प्रत जोडून परत पाठवलंय आणि उत्तराची वाट पाहतेय.