डीपी8के केबल: नव्या कार्डानंतर मॉनिटर काळा पडतोय, तर घ्यावी का?

ग्राफिक्स कार्ड बदललं, ॲडाप्टिव्ह सिंक (गेमच्या फ्रेमप्रमाणे मॉनिटरचे हर्ट्झ बदलणारी सोय) चालू केलं आणि मॉनिटर अधूनमधून दोनेक सेकंद काळा पडायला लागला, की शिव्या कार्डालाच बसतात. कार्ड परत पाठवायच्या आधी केबलकडे बघा. व्हेसा या डिस्प्लेपोर्टचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने प्रमाणित केलेली 2 मीटरची डीपी8के (जास्त वेग पेलणारी डिस्प्लेपोर्ट) केबल हा यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज आहे. मात्र दुखणं केबलचं असेल तरच.

जुन्या कार्डावर तीच केबल निमूट चालत होती, मग आता काय बिघडलं? एनव्हिडियाची जीटीएक्स 900 मालिका घ्या. डिस्प्लेपोर्ट 1.2, म्हणजे चार लेन (डेटा वाहणाऱ्या तारांच्या जोड्या), प्रत्येकी सेकंदाला 5.4 गिगाबिट. फ्रीसिंक (एएमडीच्या नावाचं ॲडाप्टिव्ह सिंक) मॉनिटरवर ॲडाप्टिव्ह सिंक तिला येतच नव्हतं. ती सोय जानेवारी 2019 मध्ये आली, तीही जीटीएक्स 10 मालिकेपासून पुढे. नवं कार्ड लावलं की लेनमागे 8.1 गिगाबिट आणि ॲडाप्टिव्ह सिंक दोन्ही एकदमच सुरू होतात, त्यामुळे दोष कोणाचा ते कळत नाही. 2560 बाय 1440, 165 हर्ट्झ, 8 बिट रंग हे जुन्या लिंकच्या 21.6 पैकी चित्रासाठी उरणाऱ्या 17.28 गिगाबिटमध्ये कसंबसं मावतं. 10 बिट केलं की गरज 20 गिगाबिटवर जाते. हलक्या केबलीत तिथे चुका वाढतात, लिंक तुटते, कार्ड आणि मॉनिटर ती नव्याने जोडतात आणि तेवढा वेळ पडदा काळा.

म्हणून पैसे घालण्याआधी एक फुकटची चाचणी. मॉनिटरच्या मेनूत डिस्प्लेपोर्ट 1.2 निवडायची सोय असेल तर ती निवडा, 8 बिट आणि 120 हर्ट्झ ठेवा, ॲडाप्टिव्ह सिंक चालूच राहू द्या. काळं पडणं थांबलं तर संशय केबलवर. डीपी8के घ्या, बहुतेक वेळा काम होतं.

थांबलं नाही, पण ॲडाप्टिव्ह सिंक बंद करताच थांबलं, तर नवी केबल घेऊन उपयोग नाही. तिथे गोची रेंजची, म्हणजे ॲडाप्टिव्ह सिंक ज्या हर्ट्झमध्ये चालतं त्या पट्ट्याची असते. रेंज 48 ते 165 असेल आणि गेम 48 च्या आसपास घुटमळत असेल, तर 47 फ्रेमला प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून मॉनिटर एकदम 94 हर्ट्झवर जातो, पुन्हा खाली येतो. काही मॉनिटरना ही उडी झेपत नाही. लोडिंग स्क्रीन आणि मेनूत हे हमखास दिसतं. सीआरयू या मॉनिटरच्या सेटिंग बदलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये रेंज लिमिट्स उघडून खालची मर्यादा 48 ची 60 करा. वरची मर्यादा खालचीच्या दुपटीहून बरीच जास्त राहिली पाहिजे, नाहीतर फ्रेम दुप्पट करण्याची सोयच बंद पडते. पडदा कायमचा काळा झाला तर सेफ मोडमध्ये त्याच फोल्डरमधली रीसेट-ऑल फाइल चालवायची.

आवाज अडकला, पंखे एकदम गरजले, तर विषयच वेगळा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (बिघाडांची नोंदवही) डिस्प्ले 4101 दिसला तर ड्रायव्हर कोसळलाय: सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या प्रोग्रॅमने जुना ड्रायव्हर साफ करून नवा टाका. मशीन आपोआप रीस्टार्ट होऊन कर्नल-पॉवर 41 दिसला तर आधी पॉवर सप्लाय तपासा, आणि कार्डाच्या दोन 8 पिन सॉकेटना एकाच वायरची दोन टोकं न लावता दोन वेगळ्या वायर द्या.

केबल घेताना पॅकेटवरच्या '8के' या शब्दाला भुलू नका, तो कोणीही छापतो. मॉडेल नंबर व्हेसाच्या यादीत आहे का ते बघा. प्रमाणपत्र नसलेल्या काही केबलींत 20 नंबरची पिन आरपार जोडलेली असते. ती जोडलेली नसावी, कारण तिच्यावर 3.3 व्होल्ट असतात आणि मॉनिटरचा करंट उलटा कार्डात शिरतो. मग पीसी चालूच न होण्यासारखे विचित्र प्रकार घडतात. लांबी 2 मीटरच्या आतच ठेवा. आणि खटका न दाबता केबल ओढू नका, कार्डाचा पोर्टच सैल होईल.