ऑनलाइन ‘ब्रँड नोंदवही’: न मागितलेल्या सेवेचे आणि तिच्या बिलाचे परीक्षण

ट्रेडमार्कसाठी अर्ज केलेल्या छोट्या व्यावसायिकांना टपालाने आणि ई-मेलने बिले पाठवणाऱ्या एका ऑनलाइन ‘ब्रँड नोंदवही’विषयी हा अभिप्राय आहे. सेवेचे नाव येथे मुद्दाम देत नाही. अशा संकेतस्थळांची नावे कोणत्या ना कोणत्या सरकारी कार्यालयाच्या नावाशी मिळतीजुळती ठेवलेली असतात आणि एक नाव लक्षात ठेवून फारसे काही साधत नाही. बिलाचा साचा मात्र नीट पाहून ठेवावा असा आहे.

कोथरूडमध्ये आमचा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे. गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला आणि मेतकूट यांच्या पाकिटांवर जे नाव छापले जाते, त्यासाठी आम्ही एजंटामार्फत ट्रेडमार्कच्या तिसाव्या वर्गात, म्हणजे मसाले ज्यात मोडतात त्या वर्गात, अर्ज केला होता. अर्जाची छाननी होऊन तो ट्रेडमार्क जर्नल या सरकारी नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत १८,८८० रुपयांचे बिल घरी येऊन थडकले. ‘प्रसिद्धी व नोंद शुल्क’ १६,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २,८८० रुपये, असा त्याचा हिशेब होता.

बिल पाहताच ते सरकारी वाटावे याची पुरेपूर काळजी घेतलेली आहे. माथ्यावर राजमुद्रेची आठवण व्हावी असे निळसर गोल चिन्ह आहे. त्याखाली आमचा अर्ज क्रमांक, वर्ग, अर्जाची तारीख आणि आमच्या पाकिटावरच्या चिन्हाचे रंगीत चित्र आहे, आणि यातला प्रत्येक तपशील अचूक आहे. उजव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत भरण्याची शेवटची तारीख, खाली क्यूआर कोड, आणि मुदतीत रक्कम न भरल्यास ‘नोंद रद्द होऊ शकते’ अशी समज. आमच्याकडे हिशेब लिहायला येणाऱ्या काकूंनी ते महिनाअखेरच्या बिलांच्या गठ्ठ्यात लावलेही होते. ‘‘सरकारी दिसतंय, आजच भरून टाकूया, उगाच दंड नको,’’ असे त्या म्हणाल्या, आणि कागद हातात घेतल्यावर कोणीही हेच म्हणाले असते.

माहिती इतकी अचूक कशी, याचे उत्तर पत्त्यातच सापडले. अर्ज भरताना एजंटाच्या कार्यालयाकडून आमच्या सोसायटीच्या नावातले एक अक्षर गळले होते. बिलावरच्या पत्त्यातही नेमके तेच अक्षर गळलेले होते. ट्रेडमार्क जर्नल दर सोमवारी प्रसिद्ध होते, ते कोणालाही इंटरनेटवर वाचता येते आणि त्यात अर्जदाराचे नाव, पत्ता, चिन्ह व वर्ग दिलेला असतो. जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर आक्षेप घेण्यासाठी चार महिन्यांची मुदत असते, आणि त्या काळात अर्जदार पुढच्या पत्राची वाट पाहत असतो. नेमक्या त्याच वेळी असे बिल येऊन पडते. केवळ वेळ साधण्याच्या कौशल्याला गुण द्यायचे असते, तर ते पैकीच्या पैकी द्यावे लागले असते.

प्रत्यक्षात सरकारी शुल्काची पद्धत फार सोपी आहे. ऑनलाइन अर्ज करताना व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना एका वर्गासाठी ४,५०० रुपये आणि इतरांना ९,००० रुपये भरावे लागतात, आणि ते अर्जाबरोबरच भरलेले असतात. जर्नलमधील प्रसिद्धीसाठी वेगळे शुल्क नाही, नोंदणी प्रमाणपत्रासाठीही नाही. महाराष्ट्रातील अर्जांचे काम मुंबईत अँटॉप हिल येथील कार्यालयाकडे असते, आणि ते कार्यालय अर्जदाराला क्यूआर कोड छापलेली बिले पाठवत नाही. हा प्रकार केवळ आपल्याकडचा आहे असेही नाही. जिनिव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटना अशा फसव्या मागणीपत्रांचे नमुने स्वतःच प्रसिद्ध करून अर्जदारांना सावध करत असते.

आता बिलाच्या मागच्या बाजूकडे वळतो, कारण खरी मेख तेथे आहे. फिकट करड्या रंगात, भिंग घेतल्याशिवाय वाचता येऊ नये इतक्या बारीक टायपात तेथे लिहिले आहे की, हा केवळ एक प्रस्ताव आहे, तो स्वीकारणे ऐच्छिक आहे, या संस्थेचा कोणत्याही शासकीय कार्यालयाशी संबंध नाही आणि रक्कम भरल्यास प्रस्ताव स्वीकारला असे समजले जाईल. दर्शनी बाजूला जिला ‘देय रक्कम’ म्हटले आहे, तिला मागच्या बाजूला ‘प्रस्ताव’ म्हटले आहे. हे शेवटचे कलम बेरकीपणाने घातलेले आहे. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार प्रस्ताव आणि त्याला दिलेली संमती यांतून करार उभा राहतो. नुसते गप्प बसणे ही सर्वसाधारणपणे संमती ठरत नाही, म्हणून असे बिल कचऱ्याच्या टोपलीत टाकल्याने तुम्ही कोणाचे देणेकरी होत नाही. मात्र प्रस्तावात सांगितलेली गोष्ट करून दाखवणे म्हणजे तो स्वीकारणे, असे याच कायद्याचे आठवे कलम म्हणते. त्यामुळे एकदा पैसे भरले की पाठवणारा ‘तुम्ही करार मान्य केलात’ असे म्हणायला मोकळा होतो. फसवणुकीने मिळवलेली संमती रद्द करता येते, हे एकोणिसाव्या कलमात आहे खरे. पण तोवर पैसे त्यांच्याकडे आणि फेऱ्या तुमच्याकडे, अशी स्थिती झालेली असते.

बिल खरे की खोटे हे ठरवायला वकील लागला नाही. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरे पॅन क्रमांकाची. या बिलावरचा क्रमांक मोजला, तर तो १३ अक्षरांचाच भरला. जो क्रमांक अस्तित्वातच असू शकत नाही, तो जीएसटीच्या संकेतस्थळावर शोधण्याचीही गरज नव्हती. क्रमांक पूर्ण असेल, तर मात्र तेथील करदाता शोधण्याच्या सोयीतून त्यामागचे नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे विनामूल्य कळते. नोंदणी नसलेल्याला जीएसटी वसूलच करता येत नाही, त्यामुळे ते २,८८० रुपये कोणत्या खात्यात जमा होणार होते, हा प्रश्न उरतोच. क्यूआर कोड मोबाइलवर उघडून पाहिला, तेव्हा पैसे मिळणाऱ्याच्या जागी बिलावरच्या संस्थेचे नाव न येता एका खासगी व्यक्तीचे नाव आले. पैसे पाठवण्याआधी दिसणारे हे नाव पुष्कळ जण न वाचताच पिन टाकतात.

संकेतस्थळाबद्दल थोडक्यात. तेथे एक शोधपेटी आहे, तीत आपले नाव टाकले की जर्नलमधलाच तपशील दिसतो, आणि पैसे भरल्यास त्यापुढे ‘प्रमाणित’ असा शिक्का उमटतो. या शिक्क्याला कायद्यात काही किंमत नाही आणि मसाला विकत घेणारे गिऱ्हाईक तो पाहायला तेथे कधी जाईल, असेही वाटत नाही.

ग्राहकसेवा मात्र तत्पर आहे, अर्थात वसुलीपुरती. बिलाकडे दुर्लक्ष केल्यावर स्मरणपत्र आले, त्यानंतर ‘अंतिम सूचना’ आली आणि मग फोन आला. बोलणाऱ्याने स्वतःला ‘विधी विभागातील’ म्हणवले आणि संध्याकाळपर्यंत रक्कम न भरल्यास चिन्ह दुसऱ्या कोणाला मिळेल, असे सांगितले. ग्राहकाला अशी खोटी घाई लावणे हा केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवलेल्या १३ फसव्या प्रकारांपैकी एक आहे. फोनवर वाद न घालता आम्ही एकच ई-मेल लिहिला: ही सेवा मागवल्याचा सहीचा कागद, मागणीची तारीख आणि तुमचा पूर्ण जीएसटी क्रमांक पाठवा, तोवर कोणतीही रक्कम देय नाही. उत्तरात यातले काहीच आले नाही. आली ती ‘विशेष सवलत’. १८,८८० रुपयांचे देणे एकाएकी ७,५०० रुपयांवर उतरले. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीचा भावही इतक्या झपाट्याने उतरत नाही. त्या पत्राला आम्ही उत्तर दिले नाही, आणि त्यांच्याकडूनही पुन्हा काही आले नाही.

ज्यांनी पैसे भरले आहेत, त्यांनी संकोच बाळगून वेळ घालवू नये. आधी आपल्या बँकेला लेखी कळवावे आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी रोखले जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते. बिल, पाकीट, पाकिटावरचा टपालाचा शिक्का आणि ई-मेल जपून ठेवावेत, क्यूआर कोड उघडल्यावर दिसणाऱ्या नावाचे छायाचित्रही घ्यावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. धंद्यासाठी घेतलेली सेवा असल्याने आपण ग्राहक ठरत नाही, असा समज करून अनेक जण गप्प बसतात. परंतु ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यांसाठी अपवाद केलेला आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्कही नाही. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली ज्या पुण्यात सुरू झाली, तेथल्या व्यावसायिकांनी तरी हा मार्ग अवघड मानू नये.

आमच्याकडे काकूंनी आता एक साधा नियम केला आहे: ज्या बिलासमोर आपल्या वहीत मागणीची नोंद नाही, ते गठ्ठ्यात जात नाही, वेगळ्या फाइलीत जाते आणि त्यावर व्यवसाय चालवणाऱ्या आम्हा दोघांपैकी एकाची सही झाल्याशिवाय पैसे निघत नाहीत. त्या फाइलीत सध्या या नोंदवहीचे बिल आहे आणि आमच्या संकेतस्थळाच्या पत्त्याचे ‘नूतनीकरण’ मागणारे आणखी एक पत्र आहे, जे आम्ही ज्या कंपनीकडून तो पत्ता घेतला तिने पाठवलेलेच नाही.

ट्रेडमार्कचे प्रमाणपत्र मध्यंतरी आले, एकही जादा रुपया न भरता. नोंदणी दहा वर्षांची आहे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच्या वर्षभरात करता येतो आणि ऑनलाइन केल्यास त्याचे सध्याचे शुल्क एका वर्गाला ९,००० रुपये आहे. त्याआधी या नावाने जे कोणी पैसे मागेल, त्याच्याकडे काकू आधी १५ अक्षरांचा क्रमांक मागणार आहेत.