नोटा मोजल्या, वाचल्या नाहीत : प्रागमधला फसवणुकीचा अनुभव

आधी माझी ओळख सांगतो, कारण खरी लाज तिथेच आहे. मी बँकेत होतो. नाशिकच्या एका शाखेत कॅश काउंटरवर माझी निम्म्याहून जास्त नोकरी गेली. खोटी पाचशेची नोट मी अंगठ्याखाली ओळखायचो. असा माणूस प्रागच्या गल्लीत भरदिवसा, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने नोटा मोजून फसला. हे नातेवाईकांना सांगायला मला सहा महिने लागले. आता लिहितोय, कारण पुढच्या उन्हाळ्यात आमच्याच सोसायटीतली दोन कुटुंबं तिकडे निघाली आहेत.

मे २०२४. मुलगी व्हिएन्नाला असते. तिच्याकडे महिनाभर राहायला गेलो होतो. तिला सुट्टी नव्हती, म्हणून आम्ही दोघं नवरा-बायकोच तीन दिवसांसाठी प्रागला निघालो. रेल्वेने चार तास. शहर लोकसंख्येने आपल्या नाशिकपेक्षाही लहान, आणि बघायचं ते बहुतेक सगळं पायी फिरण्यासारखं. मुलगी म्हणाली होती, "बाबा, तिथे युरो नाहीत हं. कार्ड वापरा." मी म्हटलं, बरं. पण खिशात रोकड असल्याशिवाय मला प्रवासात झोप लागत नाही. ही सवयही काउंटरचीच.

चेक प्रजासत्ताक २००४ पासून युरोपियन युनियनमध्ये आहे, पण चलन त्यांनी स्वतःचंच ठेवलंय : कोरुना. (नाव ऐकून ही आधी दचकली होती.) तेव्हा एका युरोला बाजारात पंचवीसच्या आतबाहेर कोरुना मिळत होते. आकडा मला पाठ होता. म्हणजे मी अगदीच अडाणी होतो असं नाही.

पहिल्या दिवशी सकाळी जुन्या गावच्या चौकात गेलो. १४१० सालचं ते प्रसिद्ध घड्याळ तिथेच. तास पडायच्या आधी माणसं माना वर करून उभी राहतात, सांगाडा घंटा ओढतो, वरच्या झरोक्यांतून बाहुल्या सरकतात, आणि मिनिटभरात सगळं संपतं. (पाकीटमारांचा मुहूर्तही तोच. सगळ्या माना वर असतात तेव्हा हात पाकिटावर ठेवा.) तिथून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर दर चार दुकानांमागे एक पैसे बदलून देणारं दुकान. एकावर हातभर अक्षरांत 'झिरो कमिशन' लिहिलेलं आणि खाली आकडा : पंचवीस पॉइंट काहीतरी. मी ३०० युरो काचेखालून आत सरकवले. काचेमागच्या मुलीने कागद पुढे केला, मी सही केली, तिने नोटा दिल्या. ५,४०० कोरुना.

मी दोनदा मोजले. हिशेबाने साडेसात हजारांच्या आसपास यायला हवे होते. विचारलं, तर तिने पेनाने पाटीवरचा दुसरा रकाना दाखवला. बाहेरून दिसणारा मोठा आकडा 'वुई सेल'चा होता, म्हणजे ते युरो विकतात तो भाव. माझ्याकडून युरो घेण्याचा भाव बाजूला बारीक अक्षरात : अठरा. कमिशन खरंच शून्य होतं! घेण्याचा भाव आणि विकण्याचा भाव यातला फरक बँकेतल्या माणसाला कळू नये? कळतो. पण सुट्टीवर आलेला माणूस फक्त मोठी अक्षरं वाचतो. मी पावती खिशात कोंबली आणि गप्प बाहेर पडलो. हिशेब केला तर सात हजार रुपयांच्या वर गेले होते. हिने विचारलं, "किती मिळाले?" मी म्हटलं, "मिळाले."

दोन तास मी काय बघितलं ते मला आठवत नाही. ते धुरांड्याच्या आकाराचं साखर लावलेलं ट्रडेलनिक खाल्लं, पैसे कार्डाने दिले. पाटीवर 'जुनी बोहेमियन परंपरा' असं लिहिलेलं असतं. प्रागचे लोक त्याला हसतात, ते टुरिस्टांचं खाणं आहे म्हणतात. चवीला वाईट नाही.

हॉटेलवर आलो तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने माझा चेहरा बघून विचारलं. पावती दाखवली. तिने आधी वेळ बघितली. ११ वाजून २० मिनिटं. मग भिंतीवरचं घड्याळ. दोन वाजायला दहा कमी. म्हणाली, "लगेच निघा. तीन तासांच्या आत परत करता येतं."

हे मात्र नीट लक्षात ठेवा. प्रागमध्ये असल्या दुकानांनी इतका उच्छाद मांडला होता की तिथल्या सरकारने कायदाच बदलला. १ एप्रिल २०१९ पासून पैसे बदलून देणाऱ्या दुकानात केलेला व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. कारण सांगायची गरज नाही. रक्कम १,००० युरोंच्या आतली हवी आणि पावती हवी. या दुकानांवर देखरेख त्यांच्या मध्यवर्ती बँकेची, चेक नॅशनल बँकेची, असते. पावती फेकून देऊ नका. तिच्यावरची वेळ हाच तुमचा पुरावा.

आम्ही ट्रॅमने परत. हिचा गुडघा दुखत होता, तरी माझ्यापुढे चालत होती. काचेमागच्या मुलीने आधी मान हलवली, "नॉट पॉसिबल." मी रिसेप्शनवरच्या मुलीने शिकवलेलं वाक्य म्हटलं : थ्री अवर्स, विड्रॉल, चेक नॅशनल बँक. त्या तिसऱ्या शब्दानंतर एक छापील फॉर्म आपोआप वर आला. ड्रॉवरमध्ये तयारच होता! सही केली, ५,४०० कोरुना परत दिले (नशिबाने एकही नोट मोडली नव्हती) आणि माझे ३०० युरो माझ्या हातात आले. दोन वाजून बारा मिनिटं.

इथे हा लेख संपायला हवा होता. मी गड जिंकल्यासारखा बाहेर आलो. आणि दारात तो उभा होता.

चाळिशीचा, स्वच्छ दाढी केलेला, कमरेला चामडी पाऊच. त्याने काचेतून सगळं बघितलं असणार. हसून इंग्रजीत म्हणाला, "शाब्बास! असं कुणी करत नाही. हे सगळे चोर आहेत." मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. त्याला आमची गरज आमच्याइतकीच माहीत होती : हातात युरो, डोक्यात जिंकल्याची हवा आणि खिशात एकही कोरुना नाही. म्हणाला, त्याला स्वतःला युरो हवेत, इटलीला जायचंय, साडेपंचवीसने देतो.

बाजारभावापेक्षा जास्त. माझ्या काउंटरवर कुणी एकशे पाचच्या नोटा शंभरला देतो म्हणाला असता, तर मी मॅनेजरला हाक मारली असती. हिने शर्टाची बाही ओढली, "अहो, चला." मी म्हटलं, "थांब गं, मी बघतो ना."

त्याने कडेच्या गल्लीत नेलं. एक हजाराची नोट आधी माझ्या हातात दिली. जांभळट, कुरकुरीत. मी प्रकाशात धरली, वॉटरमार्क बघितला. अस्सल होती. ती त्याने परत घेतली. मग पाऊचमधून हजाराच्या पाच आणि शंभराची एक अशा नोटा काढून माझ्यासमोर भराभर मोजल्या. मी मागितल्या, पुन्हा मोजल्या. १०००, १०००, १०००, १०००, १००० आणि वर १००. दोनशे युरोंचे पाच हजार एकशे. हिशेब चोख. मी युरो दिले. त्याच क्षणी तो माझ्या खांद्यावरून मागे बघत हलक्या आवाजात म्हणाला, "पोलीस," माझी मूठ स्वतःच्या हाताने बंद केली आणि चालू लागला. मागे पोलीस नव्हते. एक बाई कुत्रा घेऊन चालली होती.

संध्याकाळी हिच्या गुडघ्यासाठी औषधाच्या दुकानात क्रेप बँडेज घेतलं. मी ऐटीत हजाराची नोट ठेवली. काउंटरवरच्या मुलीने ती उचललीही नाही. एका बोटाने माझ्याकडे परत सरकवली आणि म्हणाली, "फोरिंट."

मला कळेना. तिने बोट नोटेवरच्या अक्षरांवर ठेवलं. 'मग्यार नेमझेती बँक.' हंगेरीची मध्यवर्ती बँक. खाली 'एझेर फोरिंट', म्हणजे हजार फोरिंट. रंग निळा, चित्र लांब केसांच्या राजाचं, मात्याशचं. चेक हजाराच्या नोटेवर पालाकी नावाचा इतिहासकार असतो आणि वर 'चेस्का नारोदनी बँका' लिहिलेलं असतं. दोन्हींत सारखं काही असेल तर '१०००' हा आकडा, आणि मी आयुष्यभर बघत आलो तो आकडाच. पाचही नोटा तशाच. अस्सल कोरुना फक्त ती शंभराची. आणि यातली एकही नोट खोटी नव्हती, हे मला सगळ्यात जास्त लागलं. अंगठ्याखाली पकडण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. हजार फोरिंट म्हणजे अडीच युरोंच्या आसपास. दोनशे युरोंचे सतराच्या आसपास राहिले. साडेसोळा हजार रुपये गेले.

ही दुकानात काही बोलली नाही. ट्रॅममध्येही नाही. ते जास्त जड गेलं.

पोलीस ठाण्यात गेलो. वागणूक सभ्य होती, इंग्रजी बोलणारा अधिकारी होता. त्याने पहिला प्रश्न विचारला, "दुकानात की रस्त्यावर?" रस्त्यावर म्हटल्यावर त्याने पेन जरा खाली ठेवलं. तीन तासांचा नियम दुकानाला लागू. गल्लीतल्या माणसाकडे ना परवाना, ना पावती, ना पत्ता. फोरिंटचा हा प्रकार त्यांना नवा नव्हता. कधी बेलारूसच्या रद्द झालेल्या रुबलच्या नोटा निघतात, त्यांचं तर काहीच मिळत नाही. म्हणजे त्यातल्या त्यात माझं नशीब चांगलं! वर्णन विचारलं तेव्हा मला पाऊच सोडून काही आठवेना. हिने सांगितलं : तपकिरी बूट, डाव्या बुटाची नाडी पांढरी, मनगटावर डागाची खूण. अधिकाऱ्याने सगळं लिहून घेतलं आणि तक्रारीची प्रत दिली. पुढे काही झालं नाही.

रात्री मुलीला फोन केला. ती रागावली नाही, हसलीही नाही. फक्त सांगत गेली आणि मी शाळेतल्या मुलासारखं लिहून घेतलं. पैसे बदलायचेच असतील तर भावाचे दोन्ही रकाने बघा. घेण्याचा आणि विकण्याचा भाव अगदी जवळजवळ असेल तर दुकान बरं, मधे दरी असेल तर मागे फिरा. नोटा काचेखाली सरकवण्याआधी विचारा, "एवढ्या युरोंचे माझ्या हातात किती पडतील?" आणि तो आकडा कागदावर लिहून घ्या. रस्त्यावर कुणीही, कितीही गोड बोलणारा असो, त्याच्याशी पैशाचा व्यवहार नाही.

दुसऱ्या दिवशी एटीएममधून काढले. तिथेही एक काटा आहेच. पडद्यावर मध्येच प्रश्न येतो : रूपांतर करून की न करता? आणि रुपयांतला आकडा दाखवतात. परक्या देशात रुपया दिसला की घरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं आणि बोट तिकडेच जातं. पण तो भाव त्या मशीनवाल्याचा असतो, चांगलाच महाग. रूपांतर नाकारायचं, कोरुनामध्येच घ्यायचं. हॉटेलात, दुकानात कार्ड घासतानाही हाच प्रश्न येऊ शकतो, उत्तर तेच. शक्यतो बँकेच्या शाखेतलं मशीन वापरा. खरं तर आम्हाला रोख फारशी लागलीच नाही. ट्रॅममध्येसुद्धा आतल्या मशीनवर कार्ड टेकवून तिकीट मिळतं.

शहरावर मात्र माझा राग नाही. शेवटच्या दिवशी पहाटे चार्ल्स पुलावर गेलो, गर्दी जमायच्या आत. १३५७ मध्ये पायाभरणी झालेला पूल, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे, खाली व्लतावा संथ. नेपोमुकच्या संत यानला १३९३ मध्ये राजाच्या हुकमाने या नदीत टाकलं होतं. त्याच्या पुतळ्याखालची पितळी पाटी लोकांनी हात लावून लावून सोन्यासारखी चमकवली आहे, आपल्याकडे देवळातल्या कासवाची पाठ होते तशी. हात लावला की नशीब उघडतं म्हणतात. हिने लावला. मला म्हणाली, "तुम्ही राहू द्या, तुमचे हात नोटांचे आहेत."

त्या पाच नोटांपैकी चार मुलीला दिल्या. ती दिवाळीत बुडापेस्टला गेली तेव्हा त्यात दोघांचं सूप आणि कॉफी झाली म्हणे. पाचवी नोट हिने आणली. ती आमच्या कपाटात, लाईटबिलांच्या फाईलमध्ये आहे. परवा वाण्याचे सुटे मी दुसऱ्यांदा मोजायला लागलो, तर आतून आवाज आला, "वाचून बघा."