मायचा ओटा, भावाचा मळा : गाणी ऐकायला काय घ्यावं?

गेल्या श्रावणात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाच्या, रात्री आमच्या ओट्यावर बायका पहाटेपर्यंत गात होत्या. मी सगळं मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि सोमवारी विसर्जन झाल्यावर मोबाईल मायच्या हातात दिला. तिने काचेवर बोट ठेवलं, दाबलं, पुन्हा दाबलं. काहीच झालं नाही. "माले बटन दाबता येस, हाई काच मन्हं बोट वळखत नही," ती म्हणाली. ते अगदी खरं होतं. टचस्क्रीनला बोटाच्या स्पर्शाने होणारा विजेचा बारीकसा फरक कळावा लागतो, आणि जन्मभर विळा-खुरपं धरून घट्टे पडलेलं कोरडं बोट तिला नीट कळतच नाही.

तेव्हापासून वर्षभर मी याच शोधात होतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किती चकरा झाल्या त्याचा हिशेब नाही. आई-वडिलांसाठी, शेतासाठी किंवा स्वतःसाठी असं काही घ्यायच्या विचारात असाल, तर वॅट आणि किंमत पाहण्याआधी दोन गोष्टी ठरवा: बटण कोण दाबणार, आणि ऐकायची गाणी आहेत कुठे? बाकीची निवड यावरूनच होते.

कारवाँ की कार्डवाला डबा

वडीलधाऱ्यांसाठी म्हटलं की पहिलं नाव येतं सारेगामाच्या कारवाँचं. सारेगामा म्हणजे आपली जुनी एचएमव्ही. २०१७ साली कारवाँ आला तो ५,००० गाणी आत भरूनच. समोरचं गोल चाक फिरवायचं, गायक निवडायचा, गाणं सुरू. त्याची मराठी आवृत्तीही निघाली. आमच्या शेजारच्या नानांकडे एक आहे. संध्याकाळी खाटेवर बसून ते चाक फिरवतात, रफी लागतो आणि मग तासभर त्याला हात लावावा लागत नाही. जुन्या सिनेगीतांवर जीव असलेल्या माणसाला यापेक्षा सोपी वस्तू मी पाहिलेली नाही. रेडिओही त्यातच, त्यामुळे आकाशवाणी जळगाव लावायला वेगळा संच नको.

अडचण एकच, पण आमच्या घरासाठी ती मोठी होती. आतली गाणी कंपनीच्या संग्रहातली. ती पुसता येत नाहीत, त्यांत आपली घालता येत नाहीत. मायला हवी होती कानबाईची गाणी, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हणायची गाणी, आणि तीही आमच्याच गल्लीतल्या बायकांच्या आवाजात. कारवाँला पेन ड्राइव्ह लावता येतो हे खरं. पण ५,००० गाण्यांचे पैसे मोजायचे आणि ऐकायचं मात्र पेन ड्राइव्हवरच, हे मला पटलं नाही.

म्हणून तिच्यासाठी साधा कार्डवाला स्पीकर आणला, ज्याला आमच्याकडे सगळे 'डबा'च म्हणतात. मेमरी कार्ड, पेन ड्राइव्ह, रेडिओ, वर एक टॉर्च आणि सहा बटणं. कारवाँच्या मानाने आवाज पातळ आहे, तबल्याचा डग्गा भरदार वाजत नाही. पण बायकांच्या गाण्यात शब्द महत्त्वाचे असतात आणि ते या डब्यात स्वच्छ ऐकू येतात. आठवडाभरात ती न बघता बटणं दाबायला लागली.

या डब्यांबद्दल दुकानात कोणी सांगत नाही अशा काही गोष्टी इथे सविस्तर सांगतो, कारण माझा बराच वेळ यांतच गेला. मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा 'एम४ए' प्रकारचं असतं आणि असे डबे ते वाचतच नाहीत. कार्ड घातलं, दिवा लुकलुकला आणि आवाज नाही, असं झालं तर डब्याला दोष देऊ नका. संगणकावर ते रेकॉर्डिंग एमपी३ मध्ये बदलून घ्या. दुसरं म्हणजे गाण्यांचा क्रम. यांतले बरेच डबे नावाच्या क्रमाने वाजवत नाहीत. ज्या क्रमाने गाणी कार्डावर चढली त्याच क्रमाने वाजतात. म्हणून कार्ड आधी पूर्ण रिकामं करायचं, मग एकेक फोल्डर हव्या त्या क्रमाने टाकायचं. मी आधी हरिपाठ टाकला, मग अखाजी, मग कानबाई. फोल्डरचं वेगळं बटण असलेला डबाच घ्या. ते नसेल तर तीनशे गाण्यांत हवं ते शोधायला 'पुढे'चं बटण दाबत बसावं लागतं आणि म्हातारं माणूस कंटाळून डबा बाजूला ठेवतं.

मोठ्या कार्डाचा मोह नको. साधी यंत्रं ३२ जीबीपर्यंतचीच कार्डं नीट वाचतात. त्यापुढची कार्डं वेगळ्या पद्धतीने तयार केलेली असतात, त्यामुळे ती लागतील याची खात्री नाही. आणि गरजही नाही: १२८ केबीपीएसच्या एमपी३ला मिनिटाला साधारण १ एमबी लागतो, म्हणजे ८ जीबीच्या कार्डात सव्वाशे तासांहून जास्त गाणी मावतात. शहरातल्या एका दुकानातून मी स्वस्तात ६४ जीबीचं म्हणून कार्ड घेतलं. आठेक जीबी भरल्यावर पुढची गाणी नुसती नावापुरती दिसत, वाजत नव्हती. कार्डावरचा आकडा खोटा होता. कानबाईचं अर्धं रेकॉर्डिंग त्यात गेलं असतं, पण मूळ प्रत मोबाईलमध्ये होती म्हणून वाचलं. नवं कार्ड आधी काठोकाठ भरून शेवटचं गाणं वाजतं का ते पाहा, मगच त्यावर भरवसा ठेवा.

ब्लूटूथ स्पीकर

भाच्याने स्वतःसाठी जेबीएल गो ३ घेतला. ४.२ वॅट, एका चार्जवर ५ तासांपर्यंत वाजतो, आणि आयपी६७, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा. यातला ६ धुळीसाठी: आत धूळ शिरत नाही. ७ पाण्यासाठी: एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिला तरी आत पाणी जात नाही. केळीच्या बागेत, ठिबकच्या नळ्यांजवळ, भर उन्हाळ्यातल्या धुळीत या दोन आकड्यांचं मोल कळतं. आवाजही मायच्या डब्याहून कितीतरी भरीव आहे.

पण तो मोबाईलशिवाय मुका आहे. कार्ड लागत नाही, रेडिओ नाही. मोबाईल खिशात घेऊन भाचा गावात गेला की दहा-पंधरा पावलांत गाणं तुटतं. घरात दोन मोबाईल जोडलेले असतील तर स्पीकर कोणाचा मोबाईल पकडेल सांगता येत नाही. मायने एकदा हरिपाठ लावायला सांगितला आणि भाच्याच्या मोबाईलमधलं रील जोरात वाजलं. ज्याच्या हातात मोबाईल सतत असतो त्या तरुण माणसाला ब्लूटूथच घ्या. ओट्यावरच्या म्हातारीला देऊ नका.

साडेतीन मिलिमीटरचं भोक

आमच्या मामांनी पुण्याहून आयपॉड आणि त्याचा स्पीकर-डॉक आणला होता. डॉकच्या मधोमध रुंद पट्टीसारखा जोड, त्यावर आयपॉड उभा ठेवायचा: चार्जही होतो आणि गाणंही वाजतं. तेव्हा गल्लीतली पोरं बघायला यायची. अॅपलने २००३ सालापासून वापरलेला हा ३० पिनांचा जोड २०१२ मध्ये नव्या आयफोनपासून बदलला आणि जगभरचे असे डॉक एकदम जुने झाले. २०२२ च्या मे महिन्यात आयपॉडच बंद झाला. मामांचा आयपॉडही गेला, पण डॉक आजही त्यांच्या दुकानात वाजतो, कारण त्याच्या मागे साडेतीन मिलिमीटरचं गोल ऑक्स भोक, म्हणजे वायरने बाहेरचा आवाज आत घ्यायची जागा, आहे. त्यात आज मोबाईल लागतो, रेडिओ लागतो, पन्नास रुपयांची वायर पुरते. १९७९ च्या वॉकमनची पिनसुद्धा याच मापाची होती.

प्लेअर आणि स्पीकर एकाच वेळी म्हातारे होत नाहीत. प्लेअरची बॅटरी आणि बटणं आधी जातात, स्पीकर वर्षानुवर्षं वाजतो. म्हणून स्पीकरवर खर्च करणार असाल तर त्याला ऑक्स आहे का ते नक्की बघा. हल्ली ते काढून टाकायची चाल पडली आहे. जेबीएलच्याच गो २ ला होतं, गो ३ ला नाही. त्यांच्या मोठ्या फ्लिप ४ ला होतं, फ्लिप ५ पासून गेलं. मला हे फार खटकतं.

वायरने जोडताना एक लक्षात ठेवा: प्लेअरचा आवाज बराच वर ठेवा आणि कमी-जास्त स्पीकरवर करा. उलट केलंत तर मागे सूंऽऽ असा आवाज येत राहतो. आणि दोन्ही वस्तू एकाच चार्जरला लावून वाजवल्या तर घरघर येते. एकाचा चार्जर काढला की ती थांबते.

मळ्यासाठी

भावाला रात्रीचं पाणी भरायचं असतं. मोटारीची थ्री फेज वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की बागेत एकट्याला आवाजाची सोबत लागते आणि रानडुकरंही जरा लांब राहतात. त्याने मोठा स्पीकर मागितला होता. मी नको म्हटलं. ५ वॅटचा १० वॅट केला तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की मात्र ६ डेसिबल जातात. दुप्पट वॅटचा स्पीकर मोटारीच्या खोलीत ठेवण्यापेक्षा लहान रेडिओ सोबत न्यावा, हेच शहाणपणाचं.

त्याच्यासाठी खिशात मावणारा, कार्ड, एफएम आणि टॉर्च असलेला संच घेतला. निवडताना एकच अट ठेवली: मागचं झाकण उघडून बॅटरी बदलता यायला हवी. यात पूर्वीच्या नोकियाच्या साध्या मोबाईलची बीएल-५सी बसते, जी तालुक्याच्या कोणत्याही मोबाईल दुकानात मिळते. भाऊ दोन ठेवतो, एक चार्जिंगला आणि एक खिशात. बॅटरी आत चिकटवलेला महागडा स्पीकर दोन-तीन वर्षांनी टिकेनासा झाला की त्याचं काय करायचं, हे दुकानदाराला घेतानाच विचारा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो आणि पत्र्याच्या खोलीत तर त्याहून जास्त. लिथियम बॅटरीची चार्जिंगची मर्यादा साधारण ४५ अंशांचीच असते. दुपारी पत्र्याखाली चार्जिंगला लावलेली भावाची पहिली बॅटरी फुगली आणि झाकण उचललं गेलं. आता तो पहाटे, गारव्यात चार्ज करतो. फुगलेली बॅटरी दाबून परत बसवू नका, टोचू नका, लगेच बाजूला काढा.

भजनी मंडळाला माईकसह चाकांचा ट्रॉली स्पीकर लागतो, तो वेगळा विषय. इतकंच सांगतो, की त्यातली १२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी सणाच्या मध्ये चार-चार महिने उतरलेली ठेवली तर मरते. महिन्याला एकदा चार्ज करा.

आमच्या घरी आता मायचा डबा ओट्याजवळच्या कोनाड्यात असतो. उघड्या ओट्यावरच्यापेक्षा तिथे त्याचा आवाज भरून येतो, मागची-बाजूची भिंत खर्ज सांभाळते. यंदाच्या श्रावणासाठी मी कार्डाची दुसरी प्रत करून तिच्या पेटीत ठेवली आहे. फोल्डरचं बटण दोनदा दाबलं की कानबाई सुरू होते, आणि तिसऱ्या गाण्यात मध्येच शेजारच्या जिजीचा खोकला आणि सगळ्यांचं हसणं ऐकू येतं. ते मी कापणार होतो. मायने कापू दिलं नाही.