चौथ्या सीटपर्यंत पोहोचवणारा खोका: संवाद-कार्डांच्या एका संचाचे परीक्षण

आमची सोसायटी नौपाड्यात आहे. तळमजला अधिक तीन मजले, २८ सदनिका, रस्त्याच्या बाजूला चार गाळे, लिफ्ट नाही आणि बांधकाम १९७८चे. एवढे वर्णन वाचल्यावर सध्या आमच्याकडे कोणता विषय चालू असेल हे ठाण्यातल्या वाचकाला वेगळे सांगावे लागणार नाही. गेल्या वर्षभरात पुनर्विकासावर आमच्या पाच सभा झाल्या आणि पाचही सभांत तीच चार माणसे बोलली. व्यवस्थापन समितीची खजिनदार या नात्याने या सभांच्या चहाची बिले मीच मंजूर करते. त्यामुळे एकदा चहाऐवजी दुसऱ्या कशावर तरी खर्च करून पाहावा, या विचाराने मी १,२९० रुपयांना संवाद-कार्डांचा एक संच मागवला. चार महिन्यांत आम्ही तो तीन बैठकांत वापरला, आणि त्या अनुभवावर हे परीक्षण बेतलेले आहे. संचाचे नाव मी देत नाही, कारण या धर्तीचे जे दोन-तीन संच मी नंतर चाळले त्यांचे गुणदोष जवळपास सारखेच निघाले.

खोक्यात ४८ प्रश्नकार्डे, २४ चित्रकार्डे, सहा कोरी कार्डे, दोन मिनिटांचे वाळूचे घड्याळ आणि एक पुस्तिका आहे. प्रश्नकार्डे चार रंगांत आहेत. पहिल्या रंगात काय पाहिले व ऐकले, दुसऱ्यात त्यामुळे काय वाटले, तिसऱ्यात त्याचा अर्थ काय लावायचा आणि चौथ्यात आता काय करायचे, असा क्रम आहे. इन्स्टिट्यूट ऑफ कल्चरल अफेअर्स या संस्थेने रूढ केलेल्या केंद्रित संभाषणाच्या पद्धतीत हाच क्रम असतो. तो दिसायला साधा असला तरी आमच्यासारख्या सभांवर अचूक बोट ठेवतो, कारण आम्ही प्रत्येक वेळी थेट चौथ्या रंगापासून सुरुवात करत होतो. ‘बिल्डर कोणता’ हा प्रश्न पहिल्या मिनिटाला आला की इमारतीत आपण नेमके काय पाहिले आहे, कोणाच्या छतातून पाणी गळते आणि कोणाच्या नाही, हे बोलायचे राहूनच जाते.

भाषांतराविषयी मात्र तक्रार आहे. मूळ इंग्रजी प्रश्न शब्दाला शब्द लावून मराठीत आणल्याचे ठिकठिकाणी जाणवते. ‘या क्षणी तुमच्या आत काय जिवंत आहे?’ असे एक कार्ड आमच्या तळमजल्यावरच्या, नुकतीच बायपास झालेल्या काकांच्या हाती आले, तेव्हा त्यांनी शांतपणे उत्तर दिले, “डॉक्टर म्हणतात, सगळंच.” हशा पिकला आणि वातावरण सैल झाले हे खरे, पण ते कार्डाचे श्रेय नव्हे. पहिल्या बैठकीनंतर मी अशी ११ कार्डे बाजूला काढून ठेवली.

उरलेल्या ३७ कार्डांपैकी एका कार्डासाठी मी पुन्हा १,२९० रुपये देईन. त्यावर लिहिले आहे: ‘हा शब्द उच्चारताना तुमच्या डोळ्यांसमोर काय उभे राहते?’ शब्द कोणता हे गटाने ठरवायचे. आम्ही अर्थातच ‘पुनर्विकास’ हा शब्द घेतला आणि प्रत्येकाने एकाच वाक्यात उत्तर द्यायचे, त्यावर कोणी टिप्पणी करायची नाही, असा नियम ठेवला. सेक्रेटरीसाहेबांच्या डोळ्यांसमोर लिफ्ट उभी राहिली. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची आई दोन वर्षे खाली उतरलेली नाही. गाळेवाल्या भावांना पत्र्याचे निळे कुंपण दिसले, ज्याच्या आड गिऱ्हाईक येत नाही. एका ताईंना सामानाचा टेम्पो दिसला आणि दहावीच्या वर्षात मुलीची शाळा दूर जाईल हे दिसले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “माझं देवघर कुठल्या खोक्यात भरायचं, तेवढं मला सांगा.” वर्षभर आम्ही एकच शब्द वापरून किमान सात वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत होतो, हे वीस मिनिटांत कळले.

चित्रकार्डांचा अनुभव याच्या नेमका उलट आला. २४ चित्रांत हिमनग, दीपगृह, शिडाचे जहाज, बर्फाने झाकलेला डोंगर, पियानो आणि भूलभुलैया अशी मंडळी आहेत, आणि प्रत्येक चित्रामागे ‘आपला गट म्हणजे जणू...’ असे अर्धे वाक्य छापलेले आहे. पुलाच्या चित्राबरोबर आणखी एक प्रश्न आहे: ‘तुमच्या गटातील पूल कोण?’ परदेशी चित्रकाराच्या मनात पूल म्हणजे दोन काठ जोडणारी वस्तू असणार. ठाणेकराला पूल म्हटल्यावर आधी कोंडी आठवते. “कोपरीचा की कळव्याचा?” असा प्रश्न लगेच आला आणि पुढची दहा मिनिटे वाहतुकीवर गेली. हिमनगाचे कार्ड फिरले तेव्हा तर कोणालाच काही सुचले नाही. ज्या भाषेत ओव्या, भारुडे आणि जात्यावरची गाणी रूपकांतूनच बोलत आली, त्या भाषेच्या माणसांना रूपकासाठी पियानो आणि बर्फ उसना देण्याची गरज प्रकाशकाला का वाटली असावी, हे मला उमगलेले नाही.

येथे थोडी व्याकरणाची मास्तरकी करते. पुस्तिका या सगळ्याला ‘रूपक’ म्हणते, पण शाळेत शिकलेले आठवत असेल तर ‘जणू’ आले की ती उत्प्रेक्षा होते; रूपकात दोन्ही गोष्टी एकच मानलेल्या असतात. हा फरक केवळ पुस्तकी नाही, हे आम्हाला दुसऱ्या बैठकीत अनुभवाला आले. आमचे चेअरमन पहिल्या सभेपासून “इमारत आजारी आहे, आता ऑपरेशनला पर्याय नाही” असे म्हणत आले आहेत आणि त्यात ‘जणू’ नाही. एकदा इमारत रुग्ण ठरली की स्ट्रक्चरल ऑडिटर, म्हणजे इमारतीची मजबुती तपासणारा अभियंता, हा डॉक्टर होतो, दुरुस्तीची बाजू मांडणारा सभासद हा औषधाला नाही म्हणणारा हट्टी नातेवाईक होतो आणि दुसरे मत मागणे म्हणजे वेळ दवडणे ठरते. आमच्या वयाच्या इमारतीचे ऑडिट उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी व्हायलाच हवे आणि आमचा अहवाल चिंताजनकच आहे, याबद्दल दुमत नाही. तरीही अहवालाने जे सांगितले त्याहून अधिक काम ‘आजारी’ या शब्दाने केले, असे माझे मत आहे.

अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शॉन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात या गोष्टीच्या दोन्ही बाजू दाखवल्या आहेत. कृत्रिम केसांचा रंगाचा ब्रश नैसर्गिक केसांच्या ब्रशासारखा एकसारखा रंग लावत नव्हता. त्यावर डोके चालवणाऱ्या संशोधकांपैकी एकजण म्हणाला की ब्रश हा एक प्रकारचा पंपच आहे, आणि त्याबरोबर सगळ्यांचे लक्ष केसांवरून केसांमधल्या फटींकडे, त्यांतून वाहणाऱ्या रंगाकडे वळले. हे रूपकाचे फलदायी रूप झाले. त्याच निबंधात ते अमेरिकी शहरांतल्या जुन्या वस्त्यांची गोष्ट सांगतात. वस्तीला ‘कीड’ म्हटले की ती समूळ काढणे हाच उपाय उरतो आणि तिला माणसांचे घट्ट विणलेले जाळे म्हटले की ती जपण्याचे मार्ग शोधले जातात. म्हणजे उत्तर शोधण्याआधीच प्रश्न ठरून गेलेला असतो. पुस्तिकेत यातले काहीही नाही. रूपके मन मोकळे करतात, एवढेच तीत चार वेळा लिहिले आहे. ती मन बंदही करतात, हे एकदा तरी लिहायला हवे होते.

चित्रकार्डे बाजूला ठेवून तिसऱ्या बैठकीत आम्ही कोरी कार्डे वापरली. ‘या सोसायटीतली माझी जागा म्हणजे जणू...’ एवढे वाक्य मी हाताने लिहिले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या, मंत्रालयातून निवृत्त झालेल्या एका काकूंनी ते पूर्ण केले: “चौथी सीट.” ३० वर्षे ठाणे ते सीएसएमटी लोकलने प्रवास केलेल्या बाईचे हे उत्तर होते आणि ते कोणाला समजावून सांगावे लागले नाही. तिघांच्या बाकावर चौथे बसायचे, अर्धे अंग बाहेर, बसल्याचे नाव मोठे आणि टेकल्याचे सुख नाही. त्यांचे घर वन-रूम-किचन, ३०० चौरस फूट. बिल्डरच्या प्रस्तावात चटई क्षेत्रावर, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेवर, समजा ३० टक्के वाढ धरली तर त्यांना ९० फूट जास्त मिळतात आणि ६०० फूटवाल्याला १८०. वाढ टक्क्यांनी द्यावी की सगळ्यांना सारखी, हा मुद्दा त्यांनी आधी दोन सभांत आकड्यांसह मांडला होता आणि दोन्ही वेळा ‘नियमाप्रमाणे होईल’ या उत्तरावर तो संपला होता. आता मात्र ६०० फूटवाल्यांपैकीच एकजण म्हणाले, “म्हणजे आम्ही जरा सरकायचं, असं म्हणा की.” सरकायचे किती, हे पुढचे बोलणे त्यानंतर पहिल्यांदाच झाले.

याहून महत्त्वाची गोष्ट ते रूपक जिथे तुटले तिथे घडली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण इंजिनिअरने हरकत घेतली की गाडीत घाटकोपरला अर्धा डबा उतरतो आणि चौथी सीटवाला आत सरकतो. सोसायटीत कोण उतरणार? क्षणभर कोणी बोलले नाही. मग एरवी एकाही सभेत तोंड न उघडणारे एक जोडपे म्हणाले की ते उतरणार आहेत, नवे घर ताब्यात आले की विकून मुलाकडे पुण्याला जायचे त्यांचे ठरले आहे, म्हणून त्यांना क्षेत्रफळापेक्षा काम वेळेत पूर्ण होण्याची हमी हवी आहे. आणखी दोन घरांचे तसेच निघाले. कॉर्पस फंड (बिल्डरने सभासदांसाठी द्यायची ठोक रक्कम) मोठा हवा की बँक गॅरंटी (बिल्डरने काम अर्धवट सोडले तर पैसे देण्याची बँकेची हमी) भक्कम हवी, यावरच्या वर्षभराच्या तंट्याचे मूळ इथे होते आणि ते कोणालाच ठाऊक नव्हते. पुस्तिकेत रूपक ‘पुढे नेण्याचा’ सल्ला आहे. ते कुठे लागू पडत नाही हे मुद्दाम विचारण्याचा सल्ला कुठेही नाही. हा संच घेणाऱ्यांनी तेवढा प्रश्न एका कोऱ्या कार्डावर स्वतः लिहून घ्यावा.

कार्डांची बैठक ही सभा नव्हे, हे समितीच्या मंडळींनी ध्यानात ठेवावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासाच्या विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते आणि सभेचे चित्रीकरणही करावे लागते. कॅमेरा चालू असताना “आम्ही उतरणार आहोत” असे कोणी म्हटले असते, असे मला वाटत नाही. म्हणूनच या बैठका आम्ही गच्चीवर, नोटीस आणि इतिवृत्ताशिवाय घेतल्या आणि तिथे काहीही ठरवायचे नाही, असे आधीच जाहीर केले. चौथ्या रंगाची कार्डे आम्ही खोक्यातून काढलीच नाहीत.

बारापेक्षा जास्त माणसांना एक संच पुरत नाही. पुस्तिका छोटी टेबले मांडून दर वीस मिनिटांनी माणसे बदलायला सांगते. आमच्याकडे टेबल म्हणून कॅरम बोर्ड होता, तेव्हा आम्ही खुर्च्यांचे तीन घोळके केले आणि ते चालून गेले. वाळूचे घड्याळ निरुपयोगी आहे, कारण आजी बोलत असताना ते उलटे करण्याचे धैर्य कोणातही नाही. कार्डांना लॅमिनेशन नसल्यामुळे जुलैतल्या एका बैठकीनंतर निम्म्या कार्डांच्या कडा वाकल्या. ठाण्याच्या पावसाळ्यात वापरायची वस्तू अशी छापू नये.

एक अडचण खोक्याची नाही, पण वापरणाऱ्यांना ती येईल. ‘चौथी सीट’ हा आता आमच्या सोसायटीचा परवलीचा शब्द झाला आहे. समितीत “हा चौथ्या सीटचा मुद्दा आहे” एवढे म्हटले की पुरते. गेल्या महिन्यात मात्र पहिल्या मजल्यावर घर घेतलेले नवे सभासद त्या शब्दावर गोंधळून बसले आणि बैठक संपल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठून विचारले की ही सीट कोणत्या समितीवरची आहे. सगळा प्रसंग पहिल्यापासून सांगावा लागला.

तेव्हा शिफारस अशी: ३० जणांच्या आतली सोसायटी, महिला मंडळ किंवा शाळेचा पालक-गट असेल आणि तीच ती चार माणसे बोलत असतील, तर हा संच जरूर घ्यावा, प्रश्नकार्डे निवडून वापरावीत आणि चित्रकार्डे मुलांना खेळायला द्यावीत. दीपगृह आणि पियानो आमच्याकडे तसेच गेले. प्रकाशकाला मी मेल पाठवून कोरी कार्डे सहाऐवजी वीस द्यावीत, अशी विनंती केली आहे. आमच्याकडे एकच उरले आहे आणि गाळेवाल्यांबरोबरची बैठक अजून व्हायची आहे.